नंदी आणि उंबरा यांच्यामधली जागा

आमच्या जालन्याच्या घराच्या गच्चीवरून एक वावर दिसतं. शहर वाढत वाढत त्याच्या कुंपणापर्यंत आलं आहे, पण ते अजून वावरच आहे. पाऊस होऊन माती जराशी सुकली, पायाला चिकटेनाशी झाली, की वापसा आला म्हणतात. म्हणजे जमीन पेरायला तयार झाली. तसा वापसा आला, की मी रोज सकाळी चहाचा कप घेऊन त्या वावरावर नजर ठेवतो. मालकाची आणि माझी ओळख नाही. तरी तो दोन दिवस दिसला नाही, तर मला चैन पडत नाही. बायको म्हणते, "दुसऱ्याच्या शेताची एवढी चिंता. आपल्या कुंडीतली तुळस वाळून चालली." तिचं बरोबर आहे. तुळशीला पाणी घालायचं काम माझ्याकडे आहे.

पण ओल धरून बसलेली, तयार जमीन नुसती पडून राहिलेली मी एकदा पाहिली आहे. बियाणं घरात, बैल दावणीला, आणि अख्खं गाव ओट्यावर बसून आभाळाकडे बघतंय. पावसासाठी नव्हे. पाऊस तर पडून गेलेला.

एकोणऐंशी साल होतं ते. परतूरहून आष्टीकडे जाताना आत वळल्यावर सांबठाणा लागायचं. तेव्हा आमचा जिल्हा परभणी. तिथल्या हायस्कुलात मी विज्ञान शिकवत होतो, म्हणजे पुस्तकातलं वाचून दाखवत होतो. आम्ल आणि अल्कली ओळखायला लिटमस नव्हता, म्हणून एकदा मी दोन्ही चाखून दाखवली आणि पुढचे दोन दिवस खुणांनी शिकवलं. एवढ्या भांडवलावर मी गावातली अंधश्रद्धा घालवायला निघालो होतो.

सांबठाणा तसं क्षेत्राचं गाव. सोमवारी आसपासच्या खेड्यांतून गाड्या यायच्या, शिवरात्रीला तर पाय ठेवायला जागा नसायची. काळ्या दगडाचं देऊळ, आत खोल गेलेली पिंड, आणि बाहेर मंडपात नंदी. नंदी सगळीकडे असतो, पण इथला गाभाऱ्याच्या फारच जवळ बसलेला. त्याचं तोंड आणि गाभाऱ्याचा उंबरा यांच्यामध्ये एका माणसाने आडवं होऊन निघावं एवढीच फट. गावाचं म्हणणं असं, की हा नंदी दर शिवरात्रीला तीळभर पुढे सरकतो. ज्या दिवशी त्याचं नाक उंबऱ्याला टेकेल, त्या दिवशी महादेव आतून उठेल, त्याच्या पाठीवर बसेल आणि निघून जाईल. मागे दुधना नदीचं पाणी कळसावर चढेल. संपलं.

आजही मला त्या कथेतलं एक फार विलक्षण वाटतं. तिच्यात आग नाही, राक्षस नाही, कुणाच्या पापाचा निवाडा नाही. घरातलं वडीलधारं माणूस न बोलता उठून जावं, चपला घालाव्यात, आणि दार उघडंच राहावं, तसा तो प्रलय. देव रागावणार नव्हता. तो फक्त जाणार होता. संध्याकाळी मंडप रिकामा असताना त्या नंदीजवळ उभं राहिलं, की विश्वास नसलेल्या माणसालाही गार वाटायचं. दगड तेलाने काळा झालेला, बेलाच्या कुजक्या पानांचा वास, आत समईची एक वात. आणि बैलाचे डोळे आत लागलेले, घर सोडून निघणाऱ्याची वाट बघत.

नंदी आणि पिंड यांच्यामधून एरवी कुणी जात नाही. देवाच्या नजरेत आडवं यायचं नसतं. सांबठाण्यात मात्र शिवरात्रीला एक बाई जायची, दिवस भरत आलेली पोटुशी. तोंड देवाकडे, पाठ नंदीकडे, एकेक पाऊल सरकत. पाय उंबऱ्याला लागू द्यायचा नाही आणि पाठ नंदीला. पोट पुढे आलेल्या बाईला स्वतःची पावलं दिसत नाहीत, आणि तिचा तोल मागे जातो. म्हणजे ही परीक्षा मुद्दाम तिच्यासाठीच रचलेली. ती पलीकडे निघाली, की देवळाची गुरवीण ठकूमाय मोठ्याने सांगायची, "जागा हाये." मग सगळा मंडप सुस्कारा टाकायचा आणि लोक घरी जाऊन फराळ करायचे. वर्ष मिळालं.

मी हे पाहिलं आणि माझ्यातला विज्ञान शिक्षक जागा झाला. तो अवेळीच जागा व्हायचा. आदल्या वर्षीच्या श्रावणात, कुठलाही सणवार नसलेल्या एका सकाळी मी नववीचा वर्ग देवळात नेला. गवंड्याकडून ओळंबा मागून आणला. नंदीच्या नाकाच्या टोकावरून दोरी सोडली आणि जिथे शिसं टेकलं तिथे फरशीवर पांढऱ्या तैलरंगाने रेघ मारली. "आता बघा," मी म्हणालो, "पुढच्या शिवरात्रीला नंदी या रेघेच्या पुढे गेला, तर मी मिशी काढेन." ठकूमाय खांबाला टेकून वाती वळत होती. ती म्हणाली, "मिशी न्हाई राह्यली तरी चालंल, मास्तर. फरशी कोन धुनार?" शिवरात्रीला गर्दीत रेघेकडे कुणी पाहिलंच नाही, मीसुद्धा नाही. मी त्या दिवशी साबुदाण्याने पोट बिघडून पडलो होतो.

मग ते आकाशातलं यंत्र निघालं.

अमेरिकेने वर सोडलेली स्कायलॅब आता खाली येणार, कुठे पडेल सांगता येत नाही, असं रेडिओ सांगू लागला. सांगता येत नाही, या तीन शब्दांनी घात केला. शहरातल्या लोकांना पृथ्वी मोठी वाटते. सांबठाण्याच्या माणसाला ती परतूरच्या बाजारापर्यंतच असते, तेव्हा पडणार ते इथेच. मृग कोरडा गेला होता, आर्द्रात पाऊस झाला, वापसा आला, आणि कुणीच पेरणीची तिफण काढली नाही. पेरून खायचं कुणी?

त्या दिवसांचे वास माझ्या नाकातून अजून गेलेले नाहीत. घराघरांतून पुरण शिजत होतं. ज्यांच्यात मटण चालतं त्यांच्याकडे बोकड कापले जात होते. पेरणीसाठी राखलेली ज्वारी काही घरांत जात्यावर आली, आणि बियाण्याच्या ज्वारीची भाकरी खाताना कुणी कुणाकडे बघत नव्हतं. आणि तरी, खोटं कशाला बोलू, गाव त्या दिवसांत फार चांगलं वागलं. भाऊबंदकीतले लोक एकमेकांच्या ओट्यावर बसले. लेकींना बघायला बाप पायी निघाले. आमच्या शेजाऱ्याने बांधावरचा खुणेचा दगड, जो त्याच्या बापाने पलीकडे ढकलला होता, तो स्वतः उचलून मूळ जागी ठेवला. यंत्र पडून गेल्यावर महिन्याभरात तो दगड पुन्हा पलीकडे गेला. सांबठाण्यात सरकताना मी पाहिलेला दगड तेवढाच.

माझे सहकारी गायकवाड सर गावाबाहेरच्या बौद्ध वस्तीत राहायचे. गणित शिकवायचे. देवळाच्या पायरीपलीकडे ते कधी आले नाहीत, आणि का, हे विचारायची मला कधी हिंमत झाली नाही. त्या आठवड्यात ते मला म्हणाले, "सर, तुमच्या नंदीचं काय व्हायचं ते होवो. आमच्या वस्तीतली माणसं पेरणीच्या कामावर जगतात. जग बुडायच्या आधी आमची हजेरी बुडाली." ते हसले नाहीत. मीही हसलो नाही. तोवर मला हे सगळं थोडं गमतीचं वाटत होतं, ते तिथे थांबलं.

मी बापूरावांच्या घरात भाड्याने राहायचो. बापूराव म्हणजे मोठ्या हाडाचा, कमी बोलणारा शेतकरी. मुलगा जालन्याला आडतीवर कामाला, घरात सून सुमन. तिला आठवा लागला होता. आधीची दोन बाळंतपणं झाली होती आणि पाळणा माळ्यावरच होता. त्याबद्दल घरात कुणी बोलत नसे, गावात मात्र बोलत. पेरणीचं बियाणं निवडून, राख लावून, मडक्यात ठेवलेलं होतं ते तिने. रोज सकाळी ती मडक्याचं तोंड सोडून हात घालून बघायची आणि पुन्हा बांधायची. बापूराव ओट्यावर बसून तिला पाठमोरे असायचे.

गावाने देवावर सप्ताहभर अभिषेक धरला. त्यासाठी देवाचा सगळा साज बाहेर निघाला. नंदीला झूल आली, गळ्यात घुंगरमाळ आली, तोंडावर पितळी मुखवटा चढला. आणि पहिल्याच दिवशी कुणाची तरी नजर खाली गेली. नंदीचं नाक मास्तरच्या रेघेच्या चांगलं वीतभर पुढे.

मला बोलावणं आलं. मी गेलो, वाकून पाहिलं, आणि जे घडलं ते सांगायला मला आज लाज नाही. क्षणभर माझाही विश्वास बसला. रेघ माझी, ओळंबा माझा, आणि बैल पुढे आलेला. लोक माझ्या तोंडाकडे बघत होते. मी काहीतरी बोलायला हवं होतं. मी म्हणालो, "हं." एवढंच. आणि त्या एका हुंकाराने संध्याकाळपर्यंत आष्टीच्या बाजारात बातमी पोचली, की सांबठाण्याचा नंदी उंबऱ्याला भिडला, विज्ञानाच्या मास्तराने मोजून सांगितलं.

घरी परतताना बापूरावांचा बैल दारात उभा होता. तोंडाला मुसकी, म्हणजे वैरण खाऊ नये म्हणून बांधतात ती दोरीची टोपली. टोपलीमुळे त्याचं तोंड केवढं लांब दिसत होतं. मी रस्त्यातच थबकलो. मुखवटा! मी रेघ मारली ती उघड्या नाकावरून. आता वर वीतभर पितळ होतं. मी पळत देवळात गेलो आणि धापा टाकत सगळ्यांना समजावलं. सगळ्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग एक म्हातारा म्हणाला, "मास्तर, सकाळी तुमी पाह्यलं तवा मुखवटा दिसला न्हाई का तुमाला?"

वीतभर लखलखतं पितळ माझ्या डोळ्यांसमोर होतं आणि मी रेघ बघत होतो.

"मुखवटा काढून बघा," मी म्हणालो.

ठकूमायने मान हलवली. "सप्ताहात चढलेला साज सप्ताह सरल्यावरच उतरतो. मधी हात लावता येत न्हाई."

मग एकच उपाय उरला होता आणि तो सगळ्यांना एकाच वेळी सुचला. शिवरात्रीची चाल आत्ताच करायची. पोटुशी बाई फटीतून निघाली, तर जागा आहे, पेरा. नाही निघाली, तर बसा.

दुसऱ्या दिवसापर्यंत ज्या ज्या घरात पोटुशी होती, त्या घराने तिला माहेरी पोचवलं. सुमनला माहेर नव्हतं. आईबाप दोन्ही गेलेले. सकाळी गावातली पाचसात मोठी माणसं बापूरावांच्या ओट्यावर येऊन बसली. मी आतल्या खोलीत, दाराआड. त्यांचा सूर अगदी नरम होता, त्याचीच भीती वाटत होती.

"बापू, तुमची सून सोडली तर दुसरं कोनी न्हाई."

"न्हाई," बापूराव म्हणाले.

"गावाचा इचार करा."

"गावानंच केला की. समद्यांनी आपापली धाडून देली. माझी सून काय गावाची मोजपट्टी हाये? आनि पाठ लागली तर? मंग जलमभर तिलाच म्हनसाल ना, हिच्यापाई झालं म्हनून. आत्ता काय कमी म्हनून राह्यले?"

ते खरं होतं. दोन वेळा रिकामी झालेली बाई. तिची पाठ नंदीला टेकली असती, तर यंत्र पडो न पडो, त्या वर्षी जे जे वाईट झालं असतं, मेलेली म्हैस, करपलेलं पीक, कुणाचा ताप, ते सगळं तिच्या नावावर गेलं असतं. पोटातलं तिसरंही. मला त्या क्षणी कळलं, की उंबऱ्याशी प्रलय वगैरे काही नव्हता. तिथे एक बाई होती आणि तिला कायमचं अपशकुनी ठरवायला वीतभर पितळ पुरेसं होतं. ती वीत मी मोजली होती.

सुमन आतून आली. हाताला राख होती. ती म्हणाली, "मामा, मी जाते."

"तू गप बस."

"वापसा चाल्ला मामा. आनखी चार रोजानं जमीन दगड व्हईल. मंग यंत्र न्हाई पडलं तरी आपुन काय खाऊ?" आणि मग माझ्या दाराकडे न बघता, "गुरुजी, तुमी बी चला. रेघ तुमची हाये."

मंडप भरून पायऱ्यांवर लोक होते. मी ओळंबा घेऊन पुढे उभा. मनात होतं, की लोकांना दोरी सोडून दाखवावी, मुखवट्याचं टोक कुठे आणि नाकाचं टोक कुठे. दोरीचा गुंता झाला होता. तो सोडवत मी उभा राहिलो आणि कुणी माझ्याकडे पाहिलं नाही. विज्ञानाचा त्या दिवशीचा सहभाग तेवढाच.

सुमनने गळ्यातल्या मंगळसूत्राला हात लावून नमस्कार केला आणि ती फटीत शिरली. तोंड देवाकडे. पहिलं पाऊल बरोबर पडलं. दुसरं टाकताना तिने पायाच्या बोटांनी उंबरा कुठे आहे तो हवेत चाचपला. मुखवट्याची पितळी नाकपुडी तिच्या पाठीपासून बोटभर. एक हात पोटाखाली, दुसऱ्याला कुठेच आधार नाही. बापूराव खांबाशी तोंड करून उभे होते. आतून अभिषेकाच्या पाण्याचा ठिबकत राहिलेला आवाज तेवढा येत होता.

नेमकी मधोमध आल्यावर ती थांबली. मला वाटलं, घाबरली. तिचे खांदे खाली आले. मग तिने पदर गोळा केला, हात फरशीवर टेकला आणि हळूच खाली बसली. तिथेच. नंदीच्या तोंडाखाली. पाय उंबऱ्यालगत पसरले, आणि गोठ्यात बाई बैलाला टेकून बसते तशी नंदीच्या छातीला पाठ लावून टेकली. मान मागे टाकली. घुंगरमाळ तिच्या डोक्याला लागून वाजली.

कुणी ओरडलं नाही. तीनशे वर्षं म्हणा की हजार, जो स्पर्श गावाने टाळला होता, तो होऊन गेला होता. महादेव आत होता तसाच होता. पाणी ठिबकत होतं. सुमन डोळे मिटून दम घेत होती आणि तिच्या पोटावरचं लुगडं मध्येच एका बाजूने उचललं गेलं. आतून कुणीतरी पाय मारला. पुढे उभ्या असलेल्या सगळ्या बायांनी तो पाहिला.

लोक आता ठकूमायकडे बघत होते. तिचे सासरे, तिचा नवरा, सगळे याच देवळात गेले. नियम तिच्याइतका कुणाला माहीत नव्हता, आणि नियम काय सांगतो हेही सगळ्यांना माहीत होतं. म्हातारीने सुमनकडे पाहिलं. मग आपल्या नाकावरून हात फिरवला आणि नेहमीच्या आवाजात म्हणाली, "जागा हाये." थोडं थांबून पुढे म्हणाली, "बसन्याजोगी हाये."

पायऱ्यांवरून लोक उतरायला लागले. अर्ध्या तासाने गल्लीत तिफणीची खडखड ऐकू आली.

आमच्या घरच्या पेरणीला तिफणीच्या चाड्यावर, म्हणजे बी सोडायच्या त्या लाकडी पेल्यावर, दर वर्षी सुमन असायची. यंदा ती चालू शकत नव्हती, म्हणून मी हट्टाने मूठ धरली. जे उगवलं ते गावभर बघायला मिळालं. कुठे ज्वारीची झुंबड, कुठे दोन हात नुसती माती. वाटेवरून जाताना गायकवाड सर म्हणायचे, "सर, ही ओळ तुम्ही गुणाकाराने पेरली आणि ती भागाकाराने." त्यांच्या वस्तीतली माणसं त्या आठवड्यात पहाटेपासून अंधार पडेपर्यंत वावरांत होती. यंत्र कुठल्याशा दूरच्या देशातल्या माळावर पडलं, असं रेडिओने सांगितलं. ते ऐकायला ओट्यावर कुणी नव्हतं.

पोळ्याच्या सुमाराला सुमनला मुलगी झाली. गावाचं म्हणणं, नंदा नाव ठेवा. सुमनने शोभा ठेवलं. पाळणा माळ्यावरून उतरला, आणि त्याच्या दोऱ्या बापूरावांनी स्वतः बदलल्या.

सांबठाण्यात आजही शिवरात्रीला पोटुशी बाई नंदीपुढे जाते. पण आता ती चालत नाही. बसते. नंदीला टेकून बसते आणि गुरव सांगतो, जागा आहे. तरुण मंडळी मला पटवून देतात, की ही प्रथा पुरातन आहे आणि तिच्यामागे मोठं शास्त्र आहे. मी मान हलवतो. माझी रेघ फरशी बदलली तेव्हा गेली.

परवा सुमन डोळे दाखवायला जालन्याला आली होती, शोभाबरोबर. केस सगळे पांढरे. आमच्याकडे जेवली. बायकोने वाळलेली तुळस तिला दाखवून माझी तक्रार केली. मी गच्चीवर नेऊन तिला ते वावर दाखवलं. कालच पेरून झालं होतं, ओळी दिसत होत्या. ती कठड्याला हात टेकून बघत राहिली. मग इतक्या वर्षांत जे विचारलं नव्हतं, ते मी विचारलं. त्या दिवशी तिच्या मनात नेमकं काय आलं? देवाने काही सांगितलं का? की तिने आधीच ठरवलं होतं?

"न्हाई ओ गुरुजी," ती म्हणाली. "पाठ भरून आल्ती. लई दुखून राह्यली होती." ती वावराकडेच बघत होती. "आनि तितं मधात हुभं राह्यल्यावर वाटलं, जग बुडायचंच असंल तर बुडू दे. पर आपुन हुभ्यानं कशाला?"